‘गिरणीवाली’बद्दल ऐकणाऱ्यांची मतं

१

मंगळवारी आमचा बाजार अर्धा दिवस. दुपारी एकला रखवालदार घंटा वाजवतो, मोठं फाटक लोटतो आणि आत उरतात ती आमच्यासारखी माणसं, ज्यांना घरी जायची घाई नसते. लोखंडी खांबांवर काचेचं छप्पर आहे. यॉर्कशरच्या आभाळाला जेवढा उजेड परवडतो तेवढा त्यातून खाली येतो. माझा गाळा गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचा. समोर डोरीनचं चीजचं दुकान, त्यामुळे माझ्याकडून घेतलेल्या मालाला घरी नेल्यावरही थोडा वास येतो. गिऱ्हाइकानं तक्रार केली की मी सांगतो, “हा वास म्हणजे माल जुना असल्याची खूण आहे.” निम्मे लोक विश्वास ठेवतात.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली ती सूतगिरणीत जायला. गिरणी बंद पडली तेव्हा माझ्याजवळ एक हातगाडी आणि मेलेल्या काकांच्या तबकड्या होत्या, तिथून हा धंदा झाला. खाच घासलेली आहे की नुसती मळलेली, हे मी उजेडात तिरकी धरून सांगतो. संगीत मात्र मला येत नाही. मी गात नाही, गुणगुणतही नाही. सवय एकच, गाणं लागलं की बोटं फळकुटावर वाजतात आणि लग्नाची अंगठी त्यात टकटक करते. माझी बायको विनी त्यावर गेली तीस वर्षं एकच वाक्य बोलत आली आहे: “ताल चुकतोय, अर्नी.”

विनी मात्र गाते. भांडी घासताना, जिना चढताना, डॉक्टरकडे रांगेत बसली तरी गाते. एकदा बँकेतल्या कारकुनानं तिला गप्प राहायला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी गप्प झाले की समज बाळा, मी मेले.” त्यानं मग खिडकी बंद केली आणि आत बसून ऐकलं, असं म्हणतात.

तर मंगळवारी दुपारी आम्ही चौघं माझ्या गाळ्यात बसायचो. मी, विनी, क्लेम आणि ऑड्री. क्लेम बस चालवून निवृत्त झालेला, अंगानं दरवाजाएवढा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ऑड्री मुलांच्या शाळेत पियानो वाजवायची, तिचा आवाज बारीक आणि उंच. खपत नाही अशी एखादी तबकडी मी लावायची आणि प्रत्येकानं एक मत द्यायचं. नियम एकच होता: नुसतं ‘छान’ म्हणणाऱ्यानं सगळ्यांसाठी चहा आणायचा. त्यामुळे ‘छान’ कुणी म्हणायचं नाही आणि मतं फार चांगली मिळायची.

२

‘गिरणीवाली’ आमच्याकडे आली ती एका घरसफाईच्या खोक्यातून. नव्वदीची सुरुवात होती. लोक चकचकीत छोट्या तबकड्या घेऊ लागले होते आणि मोठ्या काळ्या तबकड्या मला दारात आणून देत होते, काही तर पैसे न घेता. हिचं खरं नाव लांबलचक होतं. कव्हरवर पाण्यात अर्धी बुडालेली गिरणी होती, म्हणून आम्ही तिला गिरणीवाली म्हणायला लागलो. टेंटरफील्ड नावाच्या कुठल्याशा मंडळीनं सत्तरीच्या सुरुवातीला जुनी लोकगीतं विजेच्या गिटारवर वाजवून ती काढली होती. तेव्हाही फारशी कुणी घेतली नाही, नंतरही नाही.

शेवटचं गाणं मात्र वेगळं होतं. ते एका पबच्या मागच्या खोलीत, तिथल्याच माणसांना बसवून तबकडीवर भरलेलं. मंडळी कडवं म्हणतात आणि खोलीतली माणसं धृपद म्हणतात:

‘ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत थांबू,
मग सगळे मिळून पलीकडे जाऊ.’

गाणं संपलं. मी विचारलं, “बोला.”

क्लेम म्हणाला, “गाणारे चांगले आहेत, पण खाली खर्ज नाही. घर बांधलंय आणि पायाच घातला नाही.”

ऑड्री म्हणाली, “पायाचं राहू दे, छप्पर कुठाय? वरच्या पट्टीत कुणी नाही.”

“आणि मध्ये चूल पेटलेली नाही,” विनी म्हणाली. “कुणीतरी ऊबदार आवाजाची बाई पाहिजे होती. सगळे कसे गारठल्यासारखे म्हणतायत.”

“म्हणजे पाया नाही, छप्पर नाही, चूल नाही,” मी म्हटलं. “चार भिंती आहेत म्हणायच्या का?”

“भिंती आहेत,” क्लेम म्हणाला. “परत लाव बरं.”

मी परत लावली. आमच्याकडे लोकगीतांच्या बैठकीत वाढलेल्या माणसाचं एक असतं, धृपद आलं की तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. गप्प बसलेला माणूस शेजाऱ्यांना उद्धट वाटतो. क्लेमनं दुसऱ्या धृपदाला आपला खर्ज लावला आणि माझ्या फळीवरचे डबे हलले. विनीनं टाळी वाजवली. “हं, आता पाया पडला!”

त्या वेळी मी एक ऐकलं आणि सोडून दिलं. कडवं संपता संपता तबकडीत लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. बाकावर बसलेली माणसं एखाद्याला जागा द्यायला सरकतात ना, तसा.

३

पुढच्या मंगळवारी ऑड्रीनंच गिरणीवाली मागितली. “आठवडाभर डोक्यात बसलंय ते शेवटचं. लाव.”

गाणं झाल्यावर ती म्हणाली, “खर्ज काय सुंदर आहे यात! पण वरती कुणीच नाही, त्याचं वाईट वाटतं.”

मी हसलो. “ऑड्री, गेल्या वेळी खर्ज नाही म्हणून गळा काढला होता ना?”

“मी नव्हते काढला. क्लेमनं काढला.”

क्लेम आपल्या जाड हातांकडे बघत बसला होता. “मी असं कसं म्हणेन? खर्ज तर आहेच की. माणसाला ऐकू येत नाही का?”

माझा धंदा आहे, मी वाद घालत नाही. एकाच तबकडीला सकाळी ‘कचरा’ म्हणणारा माणूस संध्याकाळी ती परत घेऊन गेलेला मी पाहिला आहे. मत हवेवर बदलतं. शिवाय त्याच आठवड्यात मी सुई बदलली होती. जुन्या सुईला लोकर चिकटली असेल, खालचे सूर तिला उचलले नसतील. गोष्ट इतकी साधी होती की मी स्वतःवरच खूश झालो.

पण खर्ज होता. मी कान दिला. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे, दरवाजाएवढा माणूस बसून गात असावा असा.

“परत एकदा,” ऑड्री म्हणाली आणि धृपद आलं तसं तिनं आपला बारीक सूर वर चढवला. ती गाताना डोळे मिटते. विनीनं, क्लेमनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं, इतकं ते नेमक्या जागी बसलं होतं. लाकूड पुन्हा फरशीवर घासलं. या वेळी क्लेमनंही मान वळवली.

“कोण सरकलं?” तो म्हणाला.

आम्ही चौघंही स्टुलांवर होतो. कुणी हललं नव्हतं.

४

दर दुसऱ्या गुरुवारी पबच्या वर लोकगीतांची बैठक असते. मी बिअर घेऊन भिंतीशी बसतो, विनी पुढे. त्या रात्री क्लेमचं आवडतं गाणं लागलं. जिथे त्याचा आवाज यायचा तिथे खड्डा पडल्यासारखं झालं. मी वाकून पाहिलं. क्लेमचे ओठ हलत होते. छाती फुगत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि आवाज येत नव्हता.

मध्यंतरात मी विचारलं, “घसा बसला का रे?”

“घशाला काय झालंय?” नेहमीच्याच भरड आवाजात तो म्हणाला. “बोलतोय ना तुझ्याशी? तुझ्या पाळीची बिअर अजून आलेली नाही, हेही सांगू शकतो.” मग हळूच, “गाणं म्हणत असशील तर, अर्नी, सापडत नाही. चाल आठवते. पण काढायची कुठून तेच सापडत नाही.”

पलीकडच्या बाकावर ऑड्री बसली होती. हात मांडीवर. ओठ हलत होते.

घरी येताना विनी गात होती. मी तिला पहिल्यांदाच म्हटलं, “जरा हळू.”

“का? पोलीस येतील?”

माझी रीत अशी की शंका आली की दुसरा नमुना बघायचा. गिरणीवालीची आणखी एक प्रत वर्षापूर्वी मी वेकफील्डच्या एका शिंप्याला विकली होती. त्याला फोन केला. म्हटलं, शेवटचं गाणं लाव आणि फोन स्पीकरपाशी धर. भला माणूस, कारण न विचारता त्यानं धरला. धृपद आलं. मोजकीच माणसं होती आणि गारठल्यासारखी गात होती. खर्ज नव्हता. वरचा सूर नव्हता. बाक सरकला नाही.

“बरी आहे,” शिंपी म्हणाला. “पण काहीतरी कमी वाटतं नाही?”

“गाऊ नकोस,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. रेघ वगैरे आहे का ते बघत होतो.”

प्लॅस्टिकमध्ये खाच एकदा पडली की पडली. ती झिजते, भरत नाही. हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं आहे आणि तेव्हाही ते खरंच होतं. मी तबकडी कव्हरात घालून फळीखाली, जुन्या बँडच्या गठ्ठ्यामागे खुपसली. त्या गठ्ठ्याला कुत्रंसुद्धा हुंगत नाही.

५

पण विनीसाठी मी तिसेक वर्षं वाढदिवसाच्या वस्तू त्याच जागी लपवत आलो होतो. मला हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. तिचा वाढदिवस जवळ आला होता.

मी डोरीनला चीजची गोल, जड चाकं उतरवायला मदत करत होतो. मागून माझ्या गाळ्यातून गाणं सुरू झालं. शेवटचंच. मी हातातलं चाक टाकून धावलो. ते घरंगळत कुठे गेलं माहीत नाही, डोरीन अजून विचारते. मी पोचलो तेव्हा विनी फडकं हातात घेऊन उभी होती आणि धृपद संपत आलं होतं. तिचा आवाज अख्ख्या बाजारात भरला होता. भाजीवाला थांबून ऐकत होता.

“ही लपवून ठेवलीस ना माझ्यासाठी?” ती म्हणाली. “मला वाटलंच. काय भरल्यासारखी वाटतेय आज!”

बाक सरकला. मी सुई उचलली.

त्या दिवशी जिना चढताना ती गायली नाही. भांडी घासताना पाण्याचा आणि बशांचा आवाज तेवढा आला. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एक ओळ वाचली नाही. विनी ठीक होती. जेवली, हसली, शेजारणीच्या नव्या टोपीवर दोन वाक्यं बोलली, त्यातलं दुसरं मी इथे लिहू शकत नाही. पण ते घर कुणीतरी सामान हलवून नेल्यासारखं झालं. आमच्या घराला इतक्या खोल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं.

आठवड्यानं ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, “अर्नी, मी ओरडत असायचे तेव्हा तुला त्रास व्हायचा का रे?”

“नाही.”

“मला वाटायचं होत असेल.” मग म्हणाली, “तो आवाज बरा असायचा ना?”

मी उठून चहा टाकला.

६

त्यानंतर मंगळवारची बैठक बंद पडली. क्लेम बागेत बटाटे लावतो म्हणाला, ऑड्रीनं पियानोला कुलूप घातलं. मी मात्र फाटक लागल्यावर एकटा मागे राहायचो, कारण विनीचा आवाज ऐकायला आता ती एकच जागा होती.

काळजी घ्यायचो. एक मोठी पेपरमिंटची गोळी गालात धरायचो, म्हणजे चुकूनही तोंड उघडायला नको. मग सुई ठेवायचो. कोपऱ्यात क्लेम, वर छताजवळ ऑड्री आणि मधोमध विनी. तिच्या भोवती खोली ऊबदार झाल्यासारखी वाटायची. तिच्या उजव्या हाताला बाकावर थोडी जागा रिकामी आहे, असंही मला वाटायचं. नुसत्या आवाजात जागा कशी दिसते ते मला सांगता येणार नाही. पण वाकलेली तबकडी मी डोळे मिटून ओळखतो, तसंच हे ओळखत होतो.

परत आणायचा काही मार्ग असेल, असं मला वाटत होतं. तबकडी उलटी फिरवून पाहिली. वेग कमी केला. एकदा विनीला घेऊन आलो आणि म्हटलं, “या बाईबरोबर म्हण. तुझाच आवाज आहे, परत ये म्हणावं त्याला.” तिनं स्पीकरकडे कान केला आणि एखाद्या लांबच्या बहिणीचा फोटो बघावा तशी ऐकत राहिली.

“कोण आहे ही?” ती म्हणाली. “छान गाते.” मग उठली. “चहा आणते. मी ‘छान’ म्हटलं.”

७

एका शनिवारी नॉरिचहून लेसी नावाचे गृहस्थ आले. नम्र, गळ्याला रेशमी रुमाल, बगलेत स्वतःचे कानाला लावायचे स्पीकर. असल्याच दुर्लक्षित तबकड्या ते जमवायचे आणि कुठल्याशा मासिकात त्यांवर लिहायचे. शिंप्याकडून त्यांना माझा पत्ता मिळाला होता. त्यांनी देऊ केलेला आकडा मी सांगत नाही. तो ऐकून डोरीननं समोरून चाकू खाली ठेवला.

विकायची नाही, हे माझं ठरलं होतं. पण एक हाव होती, तीही सांगतो. हा माणूस जाणकार. त्यानं ऐकून ‘या तबकडीत असले आवाज नाहीत’ म्हटलं, तर सगळे माझ्याच कानाचे खेळ आहेत आणि विनी फक्त म्हातारी होत चालली आहे, एवढंच ठरलं असतं. ते मला चाललं असतं.

“ऐका,” मी म्हटलं. “पण एक अट. तबकडीबरोबर गायचं नाही.”

“मला सुरात शिट्टीसुद्धा येत नाही, मिस्टर ग्रीनवुड.”

त्यांनी कान झाकून घेतले, मी सुई ठेवली. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. शनिवारचा बाजार भोवती चालू होता. माझ्या गालात पेपरमिंट होती. हात फळकुटावर होता.

गाणं संपायच्या जरा आधी त्यांनी कान मोकळे केले.

“मासिकातल्या सगळ्यांचं मत होतं की या धृपदात काहीतरी कमी आहे,” ते म्हणाले. “माझंही होतं. पण तुमची प्रत वेगळ्या ध्वनिमुद्रणाची असली पाहिजे. खर्ज आहे, वरचा सूर आहे आणि मधली ती बाई, काय आवाज आहे हो! मला सगळ्यांत आवडलं ते म्हणजे तिच्या शेजारी कुणीतरी लाकडावर बोटं वाजवतंय. हातात अंगठी असावी. थोडा ताल चुकतो, पण त्यामुळेच जिवंत वाटतं.” ते हसले. “आता काहीही कमी नाही.”

मी खाली पाहिलं. माझी बोटं फळकुटावर वाजत होती. कधीपासून, कोण जाणे. बहुतेक प्रत्येक मंगळवारी. तोंड सांभाळायच्या नादात हाताकडे माझं लक्षच नव्हतं.

“काय रे अर्नी,” डोरीन समोरून म्हणाली, “आज डोकं उठवत नाहीस ते? नुसताच हात काय हलवतोयस?”

मी जोरात वाजवलं. अंगठीचं सोनं लाकडावर पडताना दिसत होतं. पावावर बोट पडावं, तेवढाही आवाज आला नाही.

लेसींच्या हातून मी कानाचे स्पीकर घेतले आणि सुई थोडी मागे ठेवली. धृपद चालू होतं. टकटक, टकटक, अगदी विनीच्या उजव्या हाताला. मग दोन ओळींच्या मधल्या श्वासात ती हळूच म्हणाली, “ताल चुकतोय, अर्नी.” आवाज हसरा होता. मला वाटतं, मीही हसलो.

शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली. त्यानंतर तबकडी कोरी आहे, तिथे नुसती सुईची खरखर येते. या वेळी तिथे बाक सरकले. जागा करायला सरकतात तसे नव्हे. सगळी माणसं एकदम उठली की मागे जातात, तसे. कोट अंगावर चढवल्याची सळसळ आली. कुणीतरी दाराची कडी काढली आणि बाहेरून ओढ्याचा आवाज आत आला. पाणी फार नव्हतं, आता सगळ्यांना मिळून पलीकडे जाता आलं असतं.

मी सुई उचलली.

८

लेसी चांगला माणूस. तबकडी मिळाली नाही म्हणून रागावला नाही, चीज घेऊन गेला.

गिरणीवाली आता आमच्या घरी कपाटावर आहे. मंगळवारी दुपारी घरी येतो तेव्हा विनी खिडकीशी बसलेली असते. मी शेजारी बसतो, बोटं खुर्चीच्या हातावर हलत राहतात आणि खोलीत आवाज नसतो. कधीकधी क्लेम बटाटे घेऊन येतो, ऑड्री येते. चौघं बसतो. चहा विनीच आणते.

“आज लावायची का रे ती?” मधूनच विनी विचारते. “शेवटपर्यंत ऐकलीच नाही आपण कधी.”

मी खिडकीतून खाली ओढ्याकडे पाहिल्यासारखं करतो.

“आज नको,” म्हणतो. “पाणी अजून बरंच आहे.”